आगाऊ भरलेला दंड

आमच्या देवस्थानच्या जत्रेचा हिशेब माझे वडील निळ्या रेघांच्या एका लांबट चोपडीत लिहीत असत. फोंडे तालुक्यातील त्या देवस्थानच्या समितीचे ते कित्येक वर्षे चिटणीस होते. जत्रा जवळ आली म्हणजे आमच्या ओसरीवर कागदांचा पसारा मांडला जाई. मुंबईहून किती कुळावी येणार, बेळगावचे कोण, कारवारचे कोण, अग्रशाळेतील कोणती खोली कोणास, कोणाचे गुडघे दुखतात म्हणून त्यांस खालचीच खोली हवी, कोणाच्या दोन घरांत बोलणे नाही म्हणून त्यांच्या मध्ये निदान तीन खोल्यांचे अंतर हवे, असे ते सारे गणित असे. ती यादी स्वच्छ अक्षरात उतरवून काढणे हे काम लहानपणापासून माझ्याकडे होते. महाजनांच्या नोंदवहीत मात्र माझे नाव नव्हते, आणि असण्याचा प्रश्नही तेव्हा कोणी काढीत नसे. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांसाठी जी नियमावली झाली तिच्याप्रमाणे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार महाजनांनी निवडावयाचे. आणि आमच्या देवस्थानचे महाजन म्हणजे पुरुष. स्त्रियांकडे फुले, तांदूळ निवडणे आणि माझ्याकडे अक्षर.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, १९९६ साली वाणिज्य शिकण्यासाठी मी अमेरिकेत काकांकडे गेले आणि तेथे वर्षभरातच माझे नाव एका नोंदवहीत चढले. ती नोंदवही 'बंधूं'ची होती. घरी हे कळविले तेव्हा आईला वाटले की, मी पत्र लिहिताना काही चूक केली असावी.

अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांतील पहिले, फाय बीटा कापा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाले, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर पाचच महिन्यांनी. पुढे या मंडळांचे अनेक प्रकार झाले. एकत्र घर घेऊन राहणारी आणि आपल्या मेजवान्यांसाठी प्रसिद्ध, क्वचित कुप्रसिद्ध, अशी मंडळे सर्वांस ठाऊक असतात. परंतु व्यापार शिकणाऱ्यांची मंडळे निराळी. अल्फा कापा साय हे १९०४ साली आणि डेल्टा सिग्मा पाय हे १९०७ साली, दोन्ही न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वाणिज्य विद्यालयात जन्मास आली. मी ज्या मंडळात गेले त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. शिक्षणात स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा तेथे १९७२ साली झाला. १९७४ साली निव्वळ सामाजिक मंडळांना त्यातून सूट मिळाली, व्यावसायिक मंडळांना मिळाली नाही. त्यामुळे त्यांची दारे स्त्रियांना उघडली, पण शब्द मात्र जुनाच राहिला. स्त्री असो वा पुरुष, सभासद तो बंधूच. मला या शब्दाचे प्रथम हसू आले आणि पुढे त्याची सवय झाली.

१९९८ च्या वसंतात मंडळाने माझ्यावर एक काम सोपविले. आसपासच्या सहा शाखांची नेतृत्वपरिषद आमच्या गावी ऑक्टोबरात भरावयाची होती. शुक्रवारी संध्याकाळी नावनोंदणी आणि परस्परपरिचय, शनिवारी दिवसभर व्याख्याने आणि चर्चा, रात्री भोजनसमारंभ, रविवारी समारोप, आणि दुपारपूर्वी सर्वांनी आपापल्या मोटारीने परत फिरावयाचे. मी मनात म्हटले, ही तर दोन रात्रींची जत्रा. अग्रशाळेच्या याद्या उतरविलेल्या मुलीस यात अवघड ते काय?

अवघड काय ते हॉटेलच्या कचेरीत कळले. प्रथम तारीखच मिळेना. शरदऋतूत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना ज्या शनिवारी गावात असतो त्या शनिवारी पंचवीस कोसांत खोली मिळत नाही, हे मी सोडून सर्वांना ठाऊक होते. आमच्याकडे पंचांग पाहतात, तसे तेथे सामन्यांचे वेळापत्रक पाहावे लागते. परीक्षांचा आठवडा टाळून, सामने टाळून, अखेर एकच शनिवार उरला. मग करार. २५ खोल्या, दोन रात्री, म्हणजे ५० खोली-रात्री. दर ७० डॉलर. पैकी शेकडा ८० तरी, म्हणजे ४०, भरल्याच पाहिजेत; न भरल्यास जितक्या कमी तितक्यांचे भाडे मंडळाने सोसावयाचे. सभागृह फुकट, परंतु जेवण त्यांच्याच भटारखान्यातून घेतले तर. ताटाचा दर २२ डॉलर सांगितला होता. त्यावर सेवाशुल्क चढले, सेवाशुल्कासह त्यावर कर चढला, आणि ताट २७ च्या पुढे गेले. समाराधनेच्या पंगतीला पत्रावळीवर सेवाशुल्क लावण्याची कल्पना आमच्या मुखत्यारांना सुचली नाही, ही देवाची कृपाच.

प्रत्येकी ६० डॉलर वर्गणी ठरली. एका खोलीत चौघे. आणि येथे मी एक गोष्ट केली, जी आजही मला बोचते. उपस्थिती घसरू नये म्हणून मी सभेत ठराव मांडला की, आमच्या शाखेचा जो सभासद शनिवारी सकाळी ९ च्या सभेस गैरहजर राहील त्याने २५ डॉलर दंड द्यावा. त्या देशात सभा चालविण्याचे नियम हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअराने १८७६ साली पुस्तकात बांधून ठेवले आहेत, आणि विद्यार्थीही ते मोठ्या निष्ठेने पाळतात. सूचना आली, अनुमोदन मिळाले, चर्चा कोणी मागितली नाही, हात वर झाले. दोन मिनिटांत काम झाले. त्या दोन मिनिटांचा मला अभिमान वाटला होता.

परिषदेस महिना उरला असता आमच्या शाखेतील एक मुलगा माझ्याकडे आला. बोलणे थोडे, हिशेब अत्यंत चोख. पुढचा खजिनदार तोच व्हावा असे आम्हां सर्वांस वाटे. त्याने एक पाकीट पुढे केले. आत पाच-पाच डॉलरच्या पाच नोटा होत्या. "शनिवारी मला यावयाचे नाही. हा दंड आगाऊ," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते अधिक लागले. तो एका किराणा भांडारात दर शनिवारी सकाळपासून रात्री नऊपर्यंत काम करीत असे. त्यावरच त्याची शिक्षणाची फी निघे. तेव्हा तेथे कायद्याने किमान मजुरी ताशी ५ डॉलर १५ सेंट होती. म्हणजे माझ्या दोन मिनिटांच्या ठरावाची किंमत त्याचे जवळजवळ पाच तास. मी पाकीट घेतले, जमेच्या बाजूस नोंद केली आणि पावती दिली. दुसरे काही सुचले नाही.

त्याच आठवड्यात उद्घाटनाचे भाषण लिहावयास बसले. भाषणास इतिहासाचा आधार हवा म्हणून या व्यापारी मंडळांची जुनी हकीकत चाळू लागले. न्यूयॉर्क विद्यापीठाचे ते वाणिज्य विद्यालय १९०० साली निघाले आणि त्याचे वर्ग संध्याकाळी भरत. दिवसा पेढ्यांत आणि कचेऱ्यांत राबणारी माणसे तेथे रात्री शिकावयास येत. अल्फा कापा सायच्या संस्थापकांपैकी चौघे ब्रुकलिनचे. वर्ग सुटल्यावर ते मिळून ब्रुकलिन पुलावरून चालत घरी जात, आणि त्या चालण्यातच मंडळ काढण्याची कल्पना आकारास आली, असे सांगतात. मी लेखणी खाली ठेवली. दिवसभर राबून रात्री शिकणाऱ्यांनी ज्या परंपरेचा पाया घातला तिच्या परिषदेत दिवसा राबणाऱ्यावर मी दंड बसविला होता, आणि त्याच संस्थापकांचे गुणगान करणारे भाषण मी लिहीत होते!

मग मी चौकशी केली. आजवर मी शाखाध्यक्षांना विचारले होते, 'तुमचे किती येणार?' आता विचारले, 'कोण येत नाही, आणि का?' उत्तरे एकसारखीच आली. कोणी उपाहारगृहात वाढपी, कोणी पेट्रोलपंपावर, एक मुलगी शनिवारी म्हाताऱ्या आजीपाशी बसणारी. त्यांस रस नाही असे आम्ही धरून चाललो होतो.

वास्कोच्या दामोदराच्या भजनी सप्ताहास आम्ही लहानपणी एकदोनदा गेलो होतो. तेथे चोवीस तास भजन अखंड चालते. ते अखंड चालते याचे कारण माणसे पाळी लावून घेतात. दिवसभर दुकान चालविणारा रात्री टाळ घेऊन उभा राहतो, आणि त्याची रात्र दुसऱ्याच्या दिवसाहून कमी मानली जात नाही. मला हे आठवले ते काही भक्तिभावाने नव्हे. हॉटेलचा करार समोर होता आणि भरलेल्या खोल्या १७ च होत्या. दोन रात्रींच्या मिळून ३४. सहा खोली-रात्रींचे ४२० डॉलर माझ्या डोक्यावर लटकत होते. रात्री येणाऱ्यांना रात्री झोपावयास जागा लागेलच, हा विचार सदसद्विवेकबुद्धीने सुचविला की भीतीने, ते मी आजही सांगू शकत नाही.

शनिवारी रात्री १० वाजता अंदाजपत्रक आणि वर्गणी यांवरील चर्चा ठेवली. ती मूळची सकाळची होती. सभासदभरतीची चर्चा रविवारी सकाळी ८ वाजता पुन्हा घ्यावयाची ठरविली. रात्री येणाऱ्यांस वर्गणी १५ डॉलर, कारण त्यांचे पोटात जाणार ते सकाळचे खाणेच. यास विरोध झाला नाही असे नाही. सकाळची सभा उरकून रात्री नाचावयास जाण्याचा ज्यांचा बेत होता त्यांनी नाके मुरडली. आमचे सल्लागार प्राध्यापक म्हणाले, 'रात्री दहाला अंदाजपत्रक? एकही माणूस यावयाचा नाही.'

एकोणीस आले. दोन-दोन तास मोटार चालवून आले. कोणाच्या कपड्यांना तळणीचा वास होता. आमचा तो किराणा भांडारातला मुलगा टाय बांधून आला, पण शर्टावरची भांडाराची नावाची पट्टी काढावयास विसरला. परिषदेची पट्टी त्याने तिच्याशेजारीच लावली. चर्चा साडेबारापर्यंत चालली. दिवसभरच्या सभांत कोणी विचारले नाहीत असे प्रश्न त्या रात्री निघाले: वर्गणी हप्त्यांनी का घेऊ नये? औपचारिक पोशाखाची सक्ती असेल तर तो उसना मिळण्याची सोय शाखेने का करू नये? इतके सांगून पुरे. त्या रात्रीचे वर्णन रंगवावयास गेले तर खोटे होईल. निम्मे लोक जांभया देत होते, त्यांत मीही होते.

हॉटेलचे बिल आले. रात्रीच्या पाहुण्यांनी पाच खोल्या भरल्या होत्या. एकूण ३९. एक कमी, ७० डॉलर. बाकी जमाखर्च बरोबर जुळला होता, तेव्हा तूट तेवढीच. मी ठरविले की, ७० डॉलर आपल्या खिशातून घालावे आणि हिशेब समतोल दाखवावा. घरी वडिलांना तसे लिहिलेही. आम्ही घरात कोंकणी बोलतो, पण आमची पत्रे मराठीत. त्यामुळे वडिलांच्या पत्रांतला स्वर त्यांच्या बोलण्याहून नेहमीच थोडा कडक वाटे. उत्तर दोन आठवड्यांनी आले.

'चि. बायस अनेक आशीर्वाद. तूट झाली असल्यास तूट म्हणूनच लिहावी. एका वर्षी समाराधनेस तांदूळ कमी पडले, तेव्हा मी घरातून दोन पोती काढून दिली आणि चोपडीत नोंद केली नाही. मनात थोडी धन्यता होती. पुढील वर्षी नवी समिती आली. तिने माझ्याच चोपडीवरून अंदाज धरला आणि पंगत निम्म्यावर थांबली. लोकांनी दोष त्यांना दिला. तो माझा होता. तुझी आई बरी आहे. थंडीत कानटोपी घालावी.'

ही गोष्ट वडिलांनी तोवर घरात कोणास सांगितली नव्हती. आईलाही नाही.

मी शाखेच्या सभेत हिशेब मांडला: तूट ७० डॉलर, कारण, खोल्यांचा अंदाज चुकला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग किराणा भांडारातला तो मुलगा हात वर करून उठला. त्याने हिशेबाची प्रत ओळीने वाचली होती. जमेच्या बाजूस 'गैरहजेरीचा दंड, २५ डॉलर' अशी नोंद आहे, असे त्याने निदर्शनास आणले. ज्याच्याकडून तो घेतला तो परिषदेस हजर होता. सबब ती रक्कम परत करणे प्राप्त आहे. सबब तूट ७० नसून ९५ डॉलर आहे. हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितले की, हसावे की नाही हे कोणास कळेना. दुरुस्ती एकमताने संमत झाली. दंडाचा ठराव त्याच सभेत रद्द झाला. निवडणुकीस मात्र तो उभा राहिला नाही. भांडाराने त्याला रात्रपाळीवरचा मुख्य केले होते.

दुरुस्त केलेला हिशेब मी वडिलांना सविस्तर लिहून पाठविला, ९५ डॉलरच्या गोष्टीसकट. त्याचे उत्तर आले नाही, आणि मीही विसरून गेले.

वडील गेल्यावर देवस्थानचे जे कागद त्यांच्यापाशी राहिले होते ते समितीकडे सोपविण्यापूर्वी मी चाळून पाहत होते. १९९९ च्या जत्रेच्या खर्चाच्या फायलीत, फुलांची बिले आणि मंडपवाल्याची पावती यांच्या मध्ये, माझे ते पत्र टोचलेले होते. वरच्या कोपऱ्यात वडिलांच्या अक्षरात आवक क्रमांक घातला होता, आणि खाली तारीख व त्यांची चिटणीस म्हणून सही.