मागच्या सीटचं बक्कल

एनसीटीची तारीख आली, म्हणून रविवारी गाडी रिकामी करायला घेतली. आयर्लंडमध्ये २००० सालापासून चार वर्षांहून जुन्या गाडीला ही तपासणी द्यावी लागते. जाताना डिकी रिकामी हवी आणि सगळ्या सीटबेल्टची बकलं वर, नजरेला पडतील अशी हवीत. मागच्या सीटवर गुडघे टेकून मधलं बक्कल फटीतून ओढून काढलं. खिडकीकडचा पट्टा पार शेवटपर्यंत खेचला, तर त्याला माक्याच्या तेलाचा वास. उन्हाळ्यात आई आली होती, दोन महिने तिथेच बसायची.

आणि मामाची गाडी आठवली.

२००४ साल, मी अकरावीत. मामाच्या नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात मरून रेक्झिनची कव्हरं बसली, एक सुरकुती नाही. बसवणाऱ्याने मागची बकलं आत दाबून वरून रेक्झिन ताणलं होतं. आम्हाला ते छानच वाटलं. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला. मामाने ब्रेक मारला. मध्ये बसलेला माझा धाकटा भाऊ दोन सीटांच्या मधून थेट गिअरपाशी गेला. भुवईवर चार टाके, वाईला. पट्टा होता. बक्कल आमच्याच खाली होतं, रेक्झिनच्या आड.

त्या कव्हरवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही, जाऊ द्यायचाही नाही.

गाडीत असं फेकलं जाणं नवं नाही. इथे आयर्लंडच्या ऑफली परगण्यात बर नावाचं गाव आहे. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी तिथे मेरी वॉर्ड नातलगांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून चालली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते स्वतः रेखाटून पुस्तकं लिहिणारी बाई. वळणावर ती बाहेर फेकली गेली आणि चाकाखाली आली. वय ४२. मोटारीच्या अपघातात गेलेली जगातली पहिली व्यक्ती म्हणून बहुतेक तिचंच नाव सांगतात. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने आणला तो १९५९ साली, आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते मागे बसले होते. पट्टा लावलेला नव्हता.

आईचा पट्टा तेलाने चिकट झाला होता, आत जाताना रेंगाळत होता. धुवायलाच हवा होता. कोमट पाणी, सौम्य साबण. ब्लीच अजिबात नाही, त्याने धागा कमजोर होतो. कडा बोटांनी चाचपल्या, कुठे चीर नाही, उसवलेलं नाही. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडला नाही. मग एकदम झटका दिला. गच्च अडकला. असाच अडकायला हवा. अपघातात ताण बसलेला पट्टा मात्र वरून धड दिसला तरी बदलायचाच.

वास गेला.

इथला जुलैसुद्धा आईला थंडीचा. जाड कोट घालून बसायची आणि पट्टा त्यावरून पोटावर यायचा. कोट जाड असला की पट्टा अंगाला भिडत नाही, सैल राहतो. रोज निघताना मी तिच्या कोटाची चेन उघडून पट्टा कमरेच्या हाडावर ओढायचे. "अगं, निऱ्या चुरगळतात," म्हणायची. मग माझा हात बाजूला करून स्वतःच पट्टा नीट करायची. शेवटच्या आठवड्यात तर मी दार लावायच्या आत 'खट्' ऐकू यायचं.

संध्याकाळी भावाला फोन केला. त्याच्या गाडीलाही कव्हरं आहेत आणि आई आता त्याच्या मागच्या सीटवर बसते. म्हटलं, फोन ठेवू नकोस, आत्ता खाली जा आणि कव्हर उचल. दोन बकलं आत दाबलेली निघाली.

तुमच्याही गाडीच्या मागच्या सीटवर आज एकदा हात फिरवून बघा. कव्हर कापावं लागलं, तर कापा.