झाशीतील स्थलांतर आणि अर्थशास्त्राच्या अनेक वाटा

बहुविधतावादी अर्थशास्त्र, म्हणजे एकच सिद्धान्त प्रमाण न मानता प्रश्नाच्या स्वरूपानुसार निरनिराळ्या विचारपरंपरा व पद्धती वापरणारी अभ्यासदृष्टी, पीएच.डी.साठी स्वीकारणाऱ्याला झाशीसारखे क्षेत्र शोधूनही सापडणे कठीण. झाशी ज्या बुंदेलखंडात येते, तेथील स्थलांतराचे कारण नवअभिजात सिद्धान्त मजुरीतील तफावतीत शोधतो, आणि ते चूकही नाही. परंतु ग्रॅनाइटच्या खडकात पाणी फारसे मुरत नाही, म्हणून चंदेल राजांनी तलाव बांधले, याकडे परिस्थितिकीय अर्थशास्त्र लक्ष वेधते, त्या तलावांवर हक्क कोणाचा, असे संस्थात्मक अर्थशास्त्र विचारते, तर हापशावर रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईचे बिनमजुरीचे तास कोणत्या हिशोबात धरायचे, हा स्त्रीवादी अर्थशास्त्राचा प्रश्न ठरतो. २००९ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ७,२६६ कोटी रुपयांच्या बुंदेलखंड पॅकेजचे मूल्यमापन निव्वळ खर्चाच्या आकड्यांवरून करणे म्हणूनच अपुरे होय.

मराठी अभ्यासकाजवळ आणखी एक साधन आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या ओढगस्तीमुळे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १८५७ च्या बंडाची हकिकत म्हणून वाचला जातो, वस्तुतः तो पोटासाठी केलेल्या स्थलांतराचाही दस्तऐवज आहे, मात्र समीकरणांना सरावलेला परीक्षक तो परिशिष्टात ढकलण्याचीच शक्यता अधिक.