पहुड आणि उपहुड

छत्रपती संभाजीनगरात ‘लीळाचरित्र’ शिकवताना मला सर्वाधिक अडवून धरणारा शब्द तत्त्वज्ञानातला नाही. तो ‘पहुड’ हा आहे. म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास सिद्ध केलेल्या या ग्रंथात श्रीचक्रधरांचे निजणे म्हणजे पहुड आणि उठणे म्हणजे उपहुड. ‘आरोगणा’ हे जसे भोजनाचे, तसे हे देहाच्या साध्या व्यापाराला आदराने दिलेले नाव होय.

‘शेज’ हा शब्द संस्कृत ‘शय्या’पासून प्राकृत ‘सेज्जा’मार्गे आला, असे सांगितले की त्याची चर्चा बहुधा संपते. पहुडाचा अर्थ मात्र उपहुडाशी असलेल्या नात्यातून उलगडतो : जो पहुडतो तो उठणार, हे तेथे गृहीत आहे. पुढे उपहुड व्यवहारातून गेला. ‘पहुडणे’ उरले, परंतु आदर गळून त्याला सुस्तीची छटा आली.

अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातील सुमारे ७ मीटर लांबीच्या मूर्तीला सोबतचे विद्यार्थी ‘झोपलेला बुद्ध’ म्हणाले. पण ते महापरिनिर्वाण आहे; खाली शोकाकुल भिक्षू कोरलेले आहेत. ‘पहुडलेला’ म्हणावे, तर येथे उपहुड नाही.

माझे वडील अखेरचे चार महिने अंथरुणावर होते. भेटीस येणारे ‘आडवे झालेत’ म्हणत. त्या अवस्थेला आदराने संबोधणारे क्रियापद मला आजच्या मराठीत सापडले नाही. सातशे वर्षांपूर्वी निजलेल्या देहासाठी वेगळा शब्द राखणाऱ्या भाषेत ही उणीव निर्माण व्हावी, याची दखल अभ्यासकांनी घ्यावयास हवी.