पाण्याची पाळी

मस्कतहून सूरकडे जाणारा रस्ता बराच वेळ समुद्राच्या काठाकाठानं जातो. एका हाताला ओमानचं आखात, दुसऱ्या हाताला पूर्व हजर पर्वत आणि मध्ये भाजून फिकट पडलेली जमिनीची पट्टी. नजर पोहोचते तिथवर हिरवं म्हणावं असं काही नाही. दीडेकशे किलोमीटरांवर तिवी गाव येतं. तिथं महामार्गाच्या उंच पुलाखाली डोंगर वरपासून खालपर्यंत चिरलेला दिसतो. त्या चिरेत पाणी उभं आहे, गडद हिरवं. हीच वादी शाब, म्हणजे शाब नावाची दरी.

पलीकडे जायला होडी लागते. अंतर अगदी थोडं, पण उतरल्यावर पायाखालची भूमीच बदलते. खजुरीच्या बागा, केळी, काठाला कण्हेर. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता या बाजूला आला तेव्हा कल्हात बंदरातून अरबी घोडे हिंदुस्थानाकडे जात होते. कल्हातजवळच्या एका गावातले वाहते झरे, दाट झाडी आणि होर्मुझपर्यंत जाणारी केळी यांचं त्यानं मनापासून वर्णन केलं आहे. ते गाव म्हणजे तिवीच, असं मानतात. केळीच्या त्या बागांमधून चालताना मला त्याचा आनंद अगदी खरा वाटला. इतक्या कोरड्या मुलखातून आलेल्या माणसाला एवढी सावली म्हणजे ऐश्वर्यच.

वाट पुढे कातळाच्या कडेनं जाते. कधी गोट्यांवरून, कधी घरांएवढ्या शिळांच्या मधून. दोन्हीकडे चुनखडीच्या भिंती. डोक्यावर आभाळाची अरुंद पट्टी. इथं पाऊस क्वचित येतो, पण येतो तेव्हा उघड्या डोंगरावरून एका दमात खाली धावतो. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा या किनाऱ्यानं असे लोंढे पाहिले. ही दरी अशाच पाण्यानं कापली आहे. म्हणून आभाळ भरून आलं की वादीत उतरायचं नाही, हे इथलं पोरही जाणतं.

आणि वाटेच्या बाजूनं, कातळाला चिकटून, हातभर रुंदीचा एक पाट चालत असतो. फलज. पोहायला आलेले बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात. मला मात्र या दरीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. वादीतलं पाणी वरच्या अंगाला वळवून, अगदी बेताचा उतार देत, ते गावाच्या बागांपर्यंत आणायचं. आलेलं पाणी आधी पिण्याला, मग धुण्या-अंघोळीला, त्यानंतर खजुरीला आणि उरलं तर हंगामी पिकाला. दुष्काळात शेवटचा तुकडा पडीक ठेवायचा, खजूर जगवायची. आणि प्रत्येकाचा वाटा मोजायचा तो वेळेनं. दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. आपल्याकडे धुळ्यात पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या शेतीत, पाटकरी पाळी लावून पाणी देतो, तसंच हे. समुद्राच्या दोन काठांवरची माणसं आपापल्या तहानेतून एकाच शहाणपणाला पोहोचली, याचा मला फार आनंद झाला.

तासाभरानं वाट संपते आणि पाण्यात उतरावंच लागतं. पूर्ण कपड्यांनिशी. पहिला स्पर्श गार, मग अंग सैलावतं. काही ठिकाणी पाय टेकतात, काही ठिकाणी तळ कळत नाही. स्थिर राहिलं की इवले मासे येऊन पोटऱ्यांना टोचतात. एका डोहातून दुसऱ्यात, मध्येच गुळगुळीत दगडांवरून रांगत, पुन्हा पाण्यात. भिंती जवळ येत जातात. शेवटी दोन कातळांमध्ये फक्त डोकं मावेल एवढी फट उरते. हनुवटी वर, नाक छताकडे, आणि हातांनी खडक चाचपत पुढे सरकायचं. त्या काही क्षणांत माणूस अगदी लहान होतो.

फट संपते आणि आत गुहा उघडते. वरच्या भोकातून उन्हाचा झोत, पाण्याला हिरवट-निळं तेज, आणि कातळावरून कोसळणारा धबधबा. आवाज एवढा, की जवळच्याचं बोलणं कळत नाही. धबधब्याशेजारी दोर लोंबत होता. धीट मुलं त्याला धरून वर चढत होती आणि खाली उड्या घेत होती. मी तोंड उघडून पाण्यावर तरंगत राहिले. किती वेळ, ते सांगता यायचं नाही. बाहेर सगळा डोंगर तापलेला, आणि त्याच्याच पोटात हे.

परतताना बागेत एक म्हातारे ओमानी बाबा पाटाच्या तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा काढत होते. इथल्या पुष्कळांना हिंदी येतं, म्हणून मी विचारलं, पाळी कुणाची? "अभी मेरा पानी, बाद में भाई का पानी," ते म्हणाले. रात्रीची वेळ कशी कळते, तेही विचारलं. वडील तारे बघायचे, आता मोबाइल, असं सांगून त्यांनी पायघोळ दिशदाशाच्या खिशातून फोन काढून वेळ पाहिली आणि बांधापलीकडे अरबीत मोठ्यानं हाक दिली. पलीकडून लगेच ओ आली. भाऊ फावडं घेऊन तयारच होता.