बांधाचें भगदाड

कड्यास माझ्या थोरल्या बहिणीचें घर आहे. तिच्या नऊ वर्षांच्या नातीच्या हृदयांत, वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला, जन्मापासून छिद्र होतें. शाळेंत तपासणीचें पथक आलें तेव्हां तें कळलें. पोर धापा टाकी. तें आम्ही अशक्तपणावर ढकलीत होतों.

नगरमार्गें तिला पुण्यास नेलें. छाती उघडण्याचें कारण नाहीं, मांडीच्या शिरेंतून नळी घालून निकेल-टायटॅनियमच्या तारेची दुहेरी चकती छिद्रांत बसवूं, असें डॉक्टर म्हणाले. ही युक्ति कालपरवांची नव्हे. किंग व मिल्स या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं १९७५ सालींच ती करून दाखविली होती. 'चिरफाड नाहीं' एवढें कानीं पडतांच आमची भीति ओसरली. भाच्यानें संमतिपत्रावर सही केली. त्यांतील धोके त्यानें वाचले नाहींत, आणि शिकलासवरलेला म्हणविणाऱ्या मींहि वाचले नाहींत.

"अन् सुटली तर?" असें विचारलें तें एकट्या बहिणीनें. जन्मभर शेताला पाणी दिलेली बाई ती! बांधाला भगदाड पडलें म्हणजे चिंध्या-दगड कोंबतात. पण भोंवतालची माती पोकळ असली तर पहिल्या लोंढ्यालाच बोळा वाहून जातो, हें तिला ठाऊक होतें. डॉक्टर हंसले नाहींत. "कांठ अपुरे असले तर सुटते, आजी. क्वचित्, पण सुटते."

त्याच रात्रीं ती सुटली, आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणींत अडकली. नळींतून फांस टाकून धरूं पाहिली, साधलें नाहीं. पहांटे छाती उघडून ती काढली आणि छिद्र बुजविलें. पोर वांचली.

शेजारच्या खाटेवरील आष्टीकडच्या मुलाची चकती मात्र नीट बसली होती, बहुतेकांची बसतेच. अंगावर खूण नाहीं, म्हणून बापाला वाटे, काम संपलें. परंतु चकतीवर गुठळी धरूं नये म्हणून सहासहा महिने गोळी घ्यावी लागते. शिवाय तिची कड महारोहिणीच्या भिंतीला घांसून तेथें भोंक पडल्याचीं उदाहरणें, विरळ असलीं तरी, वर्षांनंतरचींहि आहेत. म्हणून तपासणी सोडतां येत नाहीं. हें सारें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. बापानें मान डोलाविली, आणि गोळ्या कधीं थांबवायच्या तेवढें विचारलें.

बहिणीनें निघतांना त्याचा फोन नंबर लिहून घेतला. अजून ती त्याला दरमहा कड्याहून फोन करते. "गोळी दिली का रे पोराला?" एवढेंच विचारते, आणि ठेवून देते.