ठेंगणा, पण हलका नव्हे

रनिंग बॅक ओळखायचा असेल तर त्याला सामन्यानंतरच्या सकाळी जिना उतरताना पाहावं. एक हात कठड्यावर, अंग जरासं आडवं, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. वय असतं अठरा-एकोणीस. मिशिगनमध्ये मी गेली बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. शाळा-कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल संघांतली मुलं माझ्याकडे येतात. आपली दिवाळी येते तेव्हा इथला हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी बहुतेक वेळा कुणाच्या तरी गुडघ्यावर बर्फ धरून बसलेला असतो.

हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा त्याचा गाभा. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी देतो आणि तो गर्दीत घुसतो. समोरचे अकरा जण त्याला पाडायलाच उभे असतात. अशा प्रत्येक धावेला 'कॅरी' म्हणतात. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एका हंगामात अडीचशे-तीनशे कॅरी, वर झेललेले पास, असा सगळा बोजा एकट्याने वाहणारा गडी तो पूर्ण भाराचा. आणि लहान चणीच्या मुलाबद्दल प्रत्येक प्रशिक्षक, प्रत्येक पालक एकच विचारतो: याला हा भार झेपेल का?

माझं उत्तर असं, की प्रश्नातल्या 'लहान' या शब्दाची आधी फोड करायला हवी. ठेंगणा असणं वेगळं आणि हलका असणं वेगळं. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे कितीतरी मुलांना चुकीचा सल्ला मिळालेला मी पाहिला आहे.

एनएफएलचा रनिंग बॅक बॅरी सँडर्सचंच बघा. उंची ५ फूट ८ इंच, वजन सुमारे ९२ किलो. दुसरीकडे डेरिक हेन्री, ६ फूट ३ इंच आणि ११२ किलो. दोघांना शेजारी उभं केलं तर एक दुसऱ्यापुढे अगदीच ठेंगणा दिसेल. पण वजनाला उंचीच्या वर्गाने भागून बघा, म्हणजे डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात तो काढा. दोघांचाही ३१ च्या आसपास येतो. उंचीच्या मानाने दोघं सारखेच भरलेले आहेत. एमिट स्मिथ ५ फूट ९ इंचांचा होता, पण वजन ९८ किलो. मॉरिस जोन्स-ड्रू तर ५ फूट ७ इंच आणि ९४ किलोच्या आसपास. यांना लहान म्हणणारा माणूस फक्त त्यांचं डोकं कुठवर येतं ते बघत असतो. त्यांच्या मांड्या तो बघत नाही.

आणि उंची कमी असण्याचा उघड फायदा आहे. अंगाचा तोल जमिनीजवळ राहतो. वाट मोकळी करणाऱ्या सव्वासहा फुटी लाइनमनच्या मागे असा धावपटू क्षणभर दिसेनासा होतो, आणि त्या क्षणात त्याला पाडायला टपलेल्या लाइनबॅकरचं एक पाऊल चुकतं. त्याला पाडायचं तर पाडणाऱ्याला कमरेत वाकून खाली यावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचा जोर कमी होतो. सांगलीत मी कबड्डी खेळायचो, तेव्हा साखळी पकडीच्या हाताखालून निसटणारे चढाईपटू बहुतेक ठेंगणे असायचे. कारण तेच.

सँडर्सला शाळेनंतर उंचीपायी फारशी कॉलेजं विचारत नव्हती. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून अकरा सामन्यांत त्याने २,६२८ यार्ड काढले, तेव्हा तो विषय संपायला हवा होता. डेट्रॉइट लायन्सकडून तो दहा हंगाम खेळला, ३,०६२ कॅरी, म्हणजे हंगामाला तीनशेच्या वर. १९९७ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे जेमतेम ५३ यार्ड झाले होते. पुढच्या चौदाही सामन्यांत त्याने प्रत्येकी शंभरी ओलांडली आणि हंगाम २,०५३ वर संपवला. त्याच्या जुन्या फिती मी धंद्याच्या नजरेने शेकडो वेळा पाहिल्या आहेत, आणि माझ्या लक्षात राहतं ते हे, की त्याला छातीवर सरळ धडक फार क्वचित बसते. तो पकडला जातो, ओढला जातो, घसरून पडतो. धडक आलीच तर तिरकी. १९९९ च्या जुलैत त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीतल्या एकूण यार्डांच्या विक्रमाला १,४५७ यार्ड कमी होते. पाय शाबूत होते. हरणाऱ्या संघात खेळण्याची इच्छा संपली होती.

पेटनचा मार्ग अगदी उलटा. वजन साधारण सँडर्सएवढंच, पण तो धडक टाळायचा नाही, आपण होऊन द्यायचा. तेरा हंगामांत ३,८३८ कॅरी, आणि चुकलेला सामना एकच. म्हणजे धडक चुकवणं हीच एक वाट आहे असंही नाही. आपल्या अंगाला कोणती धडक सोसते हे ज्याला कळलं, तो टिकला.

आता खरोखर हलक्या माणसाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. वॉरिक डन ५ फूट ९ इंचांचा, वजन जेमतेम ८२ ते ८५ किलो. आकडा तेवढाच, म्हणून त्याच्याबद्दल शंका घेणारे चुकीचे नव्हते. तो बारा हंगाम टिकला, २,६६९ कॅरी, १०,९६७ यार्ड. आणि गंमत नव्हे, अभ्यासाची गोष्ट अशी, की त्याचे सर्वांत जड हंगाम तिशी गाठल्यावर आले: २००५ मध्ये २८० कॅरी, २००६ मध्ये २८६. रनिंग बॅक ज्या वयात संपतो असं मानलं जातं, त्या वयात. मी याचं श्रेय एकट्या त्याच्या चिवटपणाला देत नाही. टँपामध्ये माइक अल्स्टॉट आणि अटलांटात टी. जे. डकेट हे दणकट गडी त्याच्या जोडीला होते. गोलरेषेजवळचा एक यार्ड, जिथे ढिगाऱ्यात डोकं घालावं लागतं, तो बराचसा त्यांच्या वाट्याला यायचा. शिवाय अटलांटात क्वार्टरबॅक मायकल विक स्वतः वाऱ्यासारखा पळायचा, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना त्याच्यावर नजर ठेवून थबकावं लागायचं. थबकलेला माणूस पूर्ण जोराने आदळू शकत नाही. डनच्या कॅरी पुष्कळ होत्या, पण प्रत्येक कॅरीची किंमत त्याच्या अंगाने कमी मोजली.

भार मोजताना सगळे फक्त कॅरी मोजतात, इथे माझा आक्षेप आहे. रनिंग बॅकच्या अंगावरची सर्वांत वाईट धडक बऱ्याचदा चेंडू हातात नसताना बसते. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे सरकतो, आणि १०५-११० किलोचा लाइनबॅकर दहा पावलं पळत त्याच्यावर येतो. त्याला अडवायचं काम रनिंग बॅकचं. हा उभा, तो पळत येणारा. इथे चपळाई, हुलकावणी काही चालत नाही. इथे वस्तुमानच चालतं. ८५ किलोच्या गड्याचे खांदे आणि मान इथे झिजतात, आणि ही झीज कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मोठं अंग म्हणजे सुरक्षित अंग, हाही समज सोडून द्यावा. लॅरी जॉन्सन १०४ किलोचा. २००६ मध्ये ४१६ कॅरी, आजही तो एका हंगामाचा विक्रम आहे. पुढच्या वर्षी आठव्या सामन्यात त्याचं पाऊल मोडलं आणि मग तो पूर्वीचा जॉन्सन राहिला नाही. ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल, १०५ किलो, माणसांतून आरपार जायचा. त्याला पुढे वॉकर आणि मग चाकाची खुर्ची लागली. मणक्याचा विकारही त्यात होता. जोन्स-ड्रूने २००९ ते २०११ मध्ये ९५४ कॅरी वाहिल्या आणि २०१२ मध्ये सहाव्या सामन्यात त्याचं पाऊल गेलं. तो ठेंगणा होता म्हणून गेलं असं म्हणणाऱ्याने जॉन्सनचं पाऊल का मोडलं तेही सांगावं. ३७० कॅरीनंतर गडी कोसळतोच, असा एक आडाखा मध्यंतरी फार चालला. मला तो पटत नाही. तेवढ्या कॅरी त्यालाच मिळतात ज्याचं ते वर्ष दुखापतीविना गेलं. पुढचं वर्षही तसंच जाईल याची हमी कुणालाच नसते.

संघांनी मात्र धडा घेतलेला दिसतो. २०२३ मध्ये अख्ख्या लीगमध्ये एकानेही तीनशे कॅरी गाठल्या नाहीत. आमच्या डेट्रॉइटने २०२४ मध्ये जाहमीर गिब्ज, ९० किलो, आणि डेव्हिड माँटगोमेरी, १०२ किलो, यांच्यात काम वाटून दिलं. डिसेंबरात माँटगोमेरीचा गुडघा दुखावला आणि सगळा भार गिब्जवर आला. तो डगमगला नाही. २५० कॅरी, १,४१२ यार्डांवर त्याने हंगाम संपवला. मला त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते: डिसेंबरात जो भार त्याने पेलला, तो पेलायला लागणारं अंग सप्टेंबर-ऑक्टोबरात वाचवलेलं होतं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. ५ फूट ७ इंच, ७७ किलो. त्याच्या प्रशिक्षकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा किलो वाढवायला सांगितलं होतं, आणि त्याने ते इमानाने केलं होतं. वाढलं ते बहुतेक पोटावर. पहिल्या दोन पावलांची उसळी गेली, आणि जी धडक तो पूर्वी तिरकी घ्यायचा ती आता सरळ बसू लागली. मांडीमागचा स्नायू दोनदा फाटला. आम्ही सहा किलो उतरवले, मग वर्षभर हळूहळू मांड्या, नितंब आणि मान यांवर चार किलो चढवले. वजन काट्यावर किती आहे यापेक्षा ते अंगावर कुठे आहे, याचा मला तेव्हापासून ध्यास लागला.

माझा निकाल सांगतो. ठेंगणा आणि भरीव गडी पूर्ण भार वाहू शकतो. सँडर्स आणि स्मिथ यांनी तो वाद केव्हाच मिटवला आहे. ठेंगणा आणि हलका गडीही पुष्कळ वाहू शकतो, पण गोलरेषेवरचं आणि क्वार्टरबॅकसमोर उभं राहायचं काम दुसऱ्याला वाटून दिलं तरच. हे न करता त्याला एकट्याने सगळं करायला लावणं हा माझ्या लेखी त्याच्या अंगावरचा अन्याय आहे.

धडका सरावातही बसतात, म्हणून एनएफएलने २०११ च्या करारात हंगामातले पूर्ण पॅड घालून करायचे सराव चौदावर आणले. ती मोठी माणसं, भरपूर पैसे घेऊन खेळणारी. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतली मुलं हा खेळ खेळतात, त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे: प्रशिक्षकाला भेटाल तेव्हा मुलाच्या उंचीबद्दल बोलू नका. सरावात आठवड्यातून किती वेळा त्याला पूर्ण जोराची धडक बसते, तो आकडा मागा, आणि दर आठवड्याला लिहून ठेवा.