मुक्काम पोस्ट माहूर

‘कायमचा पत्ता?’

पुण्यात खराडीतल्या एका चकाचक सर्व्हिस्ड अपार्टमेंटच्या रिसेप्शनवर फॉर्म भरताना माझं पेन नेमकं याच रकान्यावर अडलं. भाड्याचा फ्लॅट सोडलेला, नवा सापडलेला नाही. सवयीनं लिहून टाकलं, माहूर, जि. नांदेड. काउंटरमागच्या मुलीनं विचारलं, ‘मॅम, हे नेमकं कुठे येतं?’ मनात म्हटलं, बाई गं, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आहे ते! पण की-कार्ड घेतलं आणि गुमान वर गेले.

एका क्लायंटच्या कृपेनं पाच आठवड्यांची सोय झाली होती. तुम्हीही कधी ना कधी राहिला असाल अशा ठिकाणी. किचनेट, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, वाय-फाय, न सांगता बदलल्या जाणाऱ्या चादरी. हॉटेलपेक्षा ऐसपैस, घरापेक्षा बिनकटकटीचं. अकरा महिन्यांचा करार नाही, दुधाचं बिल नाही, शेजारच्या काकूंच्या चौकशा नाहीत. पहिला आठवडा एकदम झक्कास गेला.

दुसऱ्या आठवड्यात कपाटाच्या दारामागची यादी दिसली. कप दोन, ताटं दोन, चमचे चार. फुटलं तर भरपाई. एका रात्री दमून आले आणि चुकून खालच्याच मजल्यावर उतरून कार्ड फिरवत बसले. दार उघडेना. उघडलं असतं तरी खोली माझी नाही हे कळलं नसतं, कारण सगळ्या खोल्या सारख्याच! त्या रात्री काही केल्या झोप लागली नाही.

शुक्रवारी सरळ नांदेडची बस पकडली आणि पुढे एस.टी.नं माहूर गाठलं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. माहूरचं आमचं घर गेल्या वर्षी विकलं. आई-बाबा नांदेडला राहायला गेले. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या गावात लॉजवर उतरले. पलंग, प्लॅस्टिकची बादली आणि सकाळी सहाला ‘गरम पाणीऽऽ’ अशी आरोळी. रजिस्टरमध्ये ‘कुठून आलात?’ या रकान्यात मी लिहिलं, पुणे. म्हणजे पुण्यात मी माहूरची आणि माहुरात पुण्याची!

घरावरून चक्कर मारली. नवा रंग, दारात अनोळखी चपला. मग रेणुकामातेचा डोंगर चढले. गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे. कथा अशी, की आई प्रकट होईपर्यंत मागे पाहू नकोस, असं परशुरामाला सांगितलं होतं. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, आणि तोवर वर आलेलं मुखच तेवढं दिसलं. मीही सकाळी वळून पाहिलंच होतं. मला फक्त दार दिसलं.

बाहेर खलबत्त्यात तांबूल कुटणाऱ्या आजीनं विचारलं, ‘कुणाची गं तू माय?’

मी बाबांचं नाव सांगितलं. जुनं घर सांगितलं. लॉजवर उतरल्याचंही सांगितलं.

‘अन् आई कुठं हाय?’

‘नांदेडला.’

‘मंग तिकडंच जाऊन झोप की!’

समोर दत्तशिखर दिसत होतं. दत्तगुरूंचा दिनक्रम आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतो. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. आजच्या भाषेत पक्के फ्रीक्वेंट फ्लायर! पण झोपायला माहूरच का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दिवशी दत्तशिखराच्या पुढच्या डोंगराकडे लक्ष गेलं. तिथे अनसूयामातेचं मंदिर आहे. अनसूया म्हणजे दत्ताची आई.

लॉजचा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम रद्द केला. संध्याकाळच्या एस.टी.नं नांदेड. आईनं हॉलमध्ये गादी टाकली. पंखा घरघरत होता, बाबा टीव्हीचा आवाज कमी करायला तयार नव्हते. मला कधी झोप लागली, कळलंच नाही. सकाळचा चहा कान तुटलेल्या कपात मिळाला. कुठल्याही यादीत नसलेला कप!

पुण्याला परतल्यावर रिसेप्शनवर गेले आणि फॉर्मवरचा पत्ता बदलून घेतला.

तुम्ही जाणार असाल तर...

कसं जाल? नांदेडहून माहूर सुमारे १३० कि.मी. एस.टी. आहेच. रेल्वेनं आलात तर किनवट जवळचं.

कधी? पावसाळा संपताना डोंगर हिरवेगार असतात. नवरात्र आणि दत्तजयंतीला मात्र तोबा गर्दी. खोली आधीच बघून ठेवा.

काय पाहाल? रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता, माहूरचा किल्ला आणि डोंगरात कोरलेली पांडवलेणी.

काय आणाल? कुटलेला तांबूल. आईसाठी!